शुद्ध केलेली ओवी

मुलांच्या वह्या तपासून माझ्या हाताला एक वाईट खोड लागली आहे. लग्नपत्रिका असो की किराणा दुकानाची पाटी, चूक दिसली की बोटे तांबडे पेन शोधू लागतात. घरची माणसे हसतात, मीही हसतो. पण या खोडीपायी मी एकदा माझ्या आत्यालाच लुबाडले.

झाले असे, की कादंबरीतल्या एका बाईच्या तोंडी मला जात्यावरची ओवी हवी होती. ती आत्याकडून घेतली. आत्या शाळेत कधी गेली नाही. गावात गिरणी आल्यापासून जाते परसात पालथे पडले आहे. ओव्या मात्र तिच्या जिभेवर जशाच्या तशा. मी 'पानी'चे 'पाणी' केले, 'व्हतं'चे 'होतं' केले, आणि वाचताना अडखळते म्हणून एक नाव गाळले. ओवी कुणाची, हे छापायचे सुचलेही नाही. लोकसाहित्य सर्वांचेच, असे आपण म्हणतो ना! (सर्वांचे म्हणजे लिहिणाऱ्याचे, एवढे मनात ठेवतो.)

मागच्या दिवाळीत ते पान मी तिला मोठ्या ऐटीने वाचून दाखवले. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता ती थांबली.

"ब्येस हाय. कुनाची रं ही?"

"तुझीच की, आत्या."

"माझी न्हाई. माझ्या ओवीत माझा भाऊ व्हता."

तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. ओवी आईकडून येते, पण प्रत्येक बाई तीत आपल्या भावाचे, लेकाचे नाव गुंफते आणि मग ती तिची होते. मला ते नाव नुसते भरतीचे वाटले होते.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली, ती त्यांच्या बोलीतच. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, पण आईचे बोलणे 'सुधारून' छापले गेले नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारणीचे नाव नि गावही टिपले. हे सारे मला माहीत होते. वर्गात शिकवतोही. घरात मात्र तांबडे पेन चालले.

मी कागद घेऊन तिच्यापुढे बसलो. तिने ओवी पुन्हा म्हटली. 'पानी' आले आणि माझा हात थबकला. तिने ते पाहिले.

"लिही म्हनते तसं," ती म्हणाली, "आन् बापाचं नाव गाळू नगंस."