चुंबकाला न दिसणारं तांबं

जालन्याच्या एमआयडीसीत सळई बनते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशापासून बनते, हे मी तिथल्या एका कारखान्याच्या भंगार यार्डात नोकरीला लागल्यावर पाहिलं. इथं ना लोहखनिजाच्या खाणी, ना कोळशाच्या. भट्टी चालते ती भंगार, स्पंज आयर्न आणि विजेवर. सायकलींच्या रिमा, मोडकी अवजारं, पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, न्हावा शेवा बंदरातून आलेला परदेशी माल, सगळं काट्यावरून येऊन ढिगात पडायचं.

माझ्याकडे छाटणीची देखरेख होती. क्रेनचं चुंबक पितळ, ॲल्युमिनियम खालीच सोडतं. पण जळालेली पाण्याची मोटर ते सहज उचलतं, कारण वरून ती लोखंडाचीच. तांब्याचं वाइंडिंग आत. हे तांबं भट्टीत गेलं की मळीबरोबर निघत नाही, पोलादातच राहतं. प्रमाण वाढलं, तर सळई लाटताना (रोलिंगच्या वेळी) तापल्या बिलेटला, म्हणजे पोलादाच्या ठोकळ्याला, भेगा पडतात. ते अडवायचं ते छाटणीवरच्या बायकांनी. त्यातल्या एक मावशी तुकड्यावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "हे बीड हाय, बाजूला टाका." पोलाद खणखणतं, बीड म्हणजे ओतीव लोखंड बद्द वाजतं. गाडीचा शॉकअप किंवा तोंड बंद असलेली कुठलीही नळी दिसली, की आधी ती कापून मोकळी करायची. आत तेल, हवा किंवा पावसाचं पाणी कोंडलेलं असेल, तर सोळाशे अंशांच्या रसात त्याचा स्फोट होतो आणि भट्टीवरचा माणूस भाजतो.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या भंगार धोरणानुसार एक टन भंगार वापरलं, की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. हा कोळसा आपण बहुतेक बाहेरूनच आणतो. एवढी मोठी बचत ज्यांच्या नजरेवर उभी आहे, त्या बायका रोजंदारीवर, हातात फाटके मोजे. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. छाटणी हे कसबी काम आहे आणि कसबी कामगाराचाच पगार त्याला मिळायला हवा.

तुम्हीही एवढं करा. घरचं लोखंड विकताना जळकी मोटर, वायरी आणि फवाऱ्याचे बंद डबे त्यात मिसळू नका. भंगारवाल्याला वेगळे द्या.