रोहिणीतली शेव्हरले

प्लॅस्टिकची मोटार उन्हाने बिघडली की आधी छप्पर जातं. मग छपराला पेलणाऱ्या बारीक दांड्या एका अंगाला कलतात, बॉनेट मधोमध जरा फुगतं, बंपरचं एक टोक वर येतं. चाकं शाबूत दिसतात, पण त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. त्यांचं दुखणं सावकाशीचं आहे. वितळत मात्र काहीच नाही. रंग तसाच, चकाकी तशीच, पाठीमागच्या नंबरप्लेटवरचे मोहरीएवढे आकडेसुद्धा वाचता येतात. आकार तेवढा गेलेला असतो.

आम्ही जबलपूरचे. वडील व्हीकल फॅक्टरीत होते, त्यामुळे बालपण व्हीकल इस्टेटच्या क्वार्टरमध्ये गेलं. मोटार ही आमच्याकडे कौतुकाची नव्हे, रोजच्या पोळीभाजीची गोष्ट. १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ मध्ये पहिला शक्तिमान ट्रक तयार झाला. पुढे १९६९ मध्ये व्हीकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमान, निसान, जोंगा सगळं तिकडे होऊ लागलं. जोंगा म्हणजे निसानची ‘पॅट्रोल’ ही जीप. फौजेने तिला जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून हे नाव दिलं. ऐकणाऱ्याला ते आफ्रिकेतलं वाटतं, आम्हाला घरातल्या माणसाचं वाटायचं. राजस्थानच्या वाळवंटात चालायची असलेली ही वाहनं आमच्या रस्त्यांवर चाचणीला फिरत, आणि उन्हाच्या बाबतीत जबलपूर त्यांना फारसं सवलतीत सोडत नसे.

कर्कवृत्त आमच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला कोणी बातमी म्हणत नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की हिंदी शेजारी ‘नौतपा लग गया’ म्हणत आणि आई खिशात कांदा कोंबल्याशिवाय बाहेर सोडत नसे. खिडक्यांना खसच्या ताट्या, माठात पन्हं, आणि दुपारी बारा ते पाच गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

एशियाडच्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, डेट्रॉइटकडे राहणारा मामा आला आणि त्याने माझ्यासाठी एक खोकं आणलं. आत १९५७ची शेव्हरले, पंचविसास एक या प्रमाणातली, सुट्ट्या भागांत. सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले. एकेक भाग ब्लेडने सोडवायचा, कड घासायची, जोडायचा. मॉडेलवाले त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. पुढे मी ज्या धंद्यात गेलो तिथे तिला रनर म्हणतात आणि ती दळून पुन्हा मशीनमध्ये घालतात. त्या वयात मात्र मी रिकामी चौकटसुद्धा जपून ठेवली होती.

पंचाईत चिकटवण्याची. मॉडेलचा खास डिंक विमानातून आणता आला नव्हता. फेव्हिकॉल प्लॅस्टिकला धरेना, वाळल्यावर सालीसारखा सुटून यायचा. शेवटी गोलबाजारात अॅक्रिलिकच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराने मार्ग दाखवला. तो अक्षरं क्लोरोफॉर्मने जोडायचा. औषधाच्या छोट्या बाटलीत त्याने थोडं दिलं आणि कृती शिकवली: दोन तुकडे कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि बारीक कुंचल्याने फटीच्या एका टोकाला थेंब टेकवायचा. थेंब स्वतःच फटीतून पळत जातो. दोन्ही काठ क्षणभर मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, आणि मग तिथे सांधा असा उरतच नाही. गाडी गडद निळी रंगवली. इस्टेटमधली पोरं बघायला आली, आणि त्यांतल्या एकाने ‘इसका चेसिस तो बहुत हल्का है’ असा शेरा मारला. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेलं पोर दुसरं काय बोलणार!

पुढच्या मे महिन्यात नागपूरला मावसबहिणीचं लग्न निघालं. भाड्याची अँबॅसडर ठरली. शेव्हरले तिथल्या भावंडांना दाखवायची होती. मांडीवर मोडेल म्हणून वडिलांनी ती मागच्या काचेखालच्या फळीवर, टॉवेलच्या घडीवर ठेवायला लावली. लखनादौन मागे टाकून सिवनीला जेवायला थांबलो. सावली होती ती आधीच दोन ट्रकांनी घेतलेली. जेवण, पान, ड्रायव्हरची डुलकी असं करून परत आलो तेव्हा शेव्हरलेचं छप्पर सैल नवारीच्या खाटेसारखं खाली आलं होतं.

मी रडलो असेन. ते आठवत नाही. वडिलांनी गाडी हातात घेऊन डोळ्यांच्या रेषेत धरली, हे मात्र लख्ख आठवतं. कारखान्यात मशीनवरून उतरलेला भाग बघतात तशी. मग म्हणाले, “हिला भट्टी दाखवायची राहून गेली होती. ती सिवनीने दाखवली.”

“पोराचं तोंड बघा आधी,” आई म्हणाली.

पण वडिलांना आता विषय मिळाला होता. खवासा येईपर्यंत त्यांनी बिडाचं ओतकाम समजावलं. साच्यात लोखंड थंड होताना पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागून. मागून थिजणारा आकसतो तेव्हा आधी थिजलेल्याला ओढतो, आणि ती ओढ आत तशीच कोंडून राहते. म्हणून जुने लोक मशीनच्या बैठकीचं बीड ओतून झालं की महिनोन्‌महिने उघड्यावर ऊनपावसात टाकून देत आणि मगच त्यावर हत्यार लावत. घाई असेल तर पाचशे-सहाशे अंशांच्या भट्टीत तापवून हळूहळू निववायचं. नाहीतर घासूनपुसून सरळ केलेला भाग चार महिन्यांनी आपोआप वाकडा होतो. “तुझ्या गाडीतही ती ओढ होती,” ते म्हणाले. “ऊन फक्त कुलूप काढतं.”

मला ते तेव्हा पटलं नाही. सांत्वनाच्या नावाखाली शिकवणी चालली आहे असंच वाटलं, आणि आजही वाटतं की आईचं बरोबर होतं. पण जबलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पॉलिमरचा तास झाला तेव्हा वडिलांचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं फळ्यावर आलं. पॉलिस्टायरीनच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या मोकळ्या असतात तेव्हा वेटोळं करून राहतात. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये त्यांना दोनशे अंशांच्या वर तापवून, प्रचंड दाबाने, थंड पोलादी साच्यात कोंबतात. त्या ताणल्या जातात आणि परत वेटोळ्यात येण्याआधीच थिजतात. सुमारे १०० अंशांना पॉलिस्टायरीन काचेसारखं कडक राहणं सोडून रबरासारखं होतं. पण ताणलेल्या, पातळ भागाला तिथवर जावंच लागत नाही. वजन किंवा ओढ असेल तर ऐंशी-नव्वदच्या घरातच तो हलायला लागतो. आणि छप्पर म्हणजे चार काटक्यांवर ठेवलेला पापुद्रा. तोही प्रमाणाने पाहिलं तर चांगला जाड: माझ्या शेव्हरलेचं छप्पर सव्वा मिलिमीटरचं धरा, खऱ्या गाडीत ते सव्वाएकतीस मिलिमीटर झालं असतं. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरही नसतो, आणि तो रोहिणीत जन्मभर उभा राहतो.

पुण्याला नोकरी लागली ती मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तेव्हा असे कारखाने भराभर निघत होते. मी बराच काळ डॅशबोर्डवर काम केलं. तयार डॅशबोर्ड मोठ्या ओव्हनमध्ये तासन्‌तास तापवायचा, बाहेर काढून निववायचा, मग गेजवर बसवून कुठे किती सरकला ते मोजायचं. बिचाऱ्याने गाडीचं आयुष्य सुरू होण्याआधीच सिवनी कितीदा तरी बघून घेतलेली असते. म्हणूनच उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डला काही होत नाही आणि त्यावर ठेवलेल्या खेळण्याला होतं.

गाडी किती तापते याचे आकडे नंतर हाती आले. अमेरिकेतल्या अॅरिझोनात टेम्पी शहरी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांच्या वर असताना उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांत आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१, स्टिअरिंग ५३, आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८. तो अभ्यास बंद गाडीत राहून गेलेल्या लहान मुलांसाठी होता, हे विसरून हे आकडे वापरता येत नाहीत. खेळण्याचं काय, नवं आणता येतं. पण खेळण्यापुरतं बोलायचं तर ६९ हा फक्त फळीचा आकडा. काचेखाली, वारा नसताना, गडद रंगाची पोकळ वस्तू स्वतःच ऊन पिते आणि फळीच्याही पुढे जाते. त्यावर पारदर्शक डबी झाकली असेल तर विचारूच नका. निळ्याऐवजी पांढरी रंगवली असती तर कदाचित शेव्हरले नागपूरला धड पोचली असती.

ती नागपूरहून परत आल्यावर दादाने पातेल्यात पाणी तापवून, उकळीच्या जरा आधी, छप्पर बुडवून आतून चमच्याच्या पाठीने रेटलं होतं. छप्पर बरंचसं वर आलं. पुढची काच मात्र सांध्यातून सुटली ती सुटलीच, आणि ती मी वेगळी ठेवली. चाकांचं दुखणं पुढे काही वर्षांनी उघड झालं. टायर मऊ व्हिनाइलचे. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घालतात. तो हळूहळू पाझरतो आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला खातो. एके दिवशी टायर काढायला गेलो तर चाकाची कड त्याच्याबरोबर चिकट होऊन आली. उष्णतेने हे लवकर होतं, पण कपाटातल्या सावलीतही टळत नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात विक्रेते गिऱ्हाइकांना नव्या मोटारींची छोटी मॉडेलं दाखवत, ती सेल्युलोज अॅसिटेटची असत. त्यांतली बहुतेक ऊन न लागताच पिळवटली आहेत. संग्राहक ती तशीच घेतात, आणि सरळ राहिलेली दिसली की त्यांचे डोळे विस्फारतात.

आता दादाचा मुलगा त्याच शहरात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आहे. आजोबांची आठवण म्हणून त्याने संगणकावर जोंगा काढली: पुढची जाळी, मागचा जेरीकॅन, हूडच्या कमानी, सगळं. फौजी हिरव्या प्लॅस्टिकात छापली आणि दादाच्या मोटारीत डॅशबोर्डवर, गणपतीशेजारी बसवली. एप्रिलमध्ये सगळे भेडाघाटला गेले. धुआंधार बघून, संगमरवरी कड्यांमधून नौकेत फिरून परत येईपर्यंत हूडच्या कमानी मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या.

“काका, एवढं तर ऊनही नव्हतं,” तो फोनवर म्हणाला.

जोंगाला तेवढं ऊन लागणारही नव्हतं. प्रिंटरमध्ये सर्रास वापरतात ते पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतं. छापायला सोपं, वास नाही, पण साठ अंशांच्या आसपासच ढिलं पडतं. चाळीस वर्षांत तंत्र इतकं पुढे गेलं की आता पोरं घरबसल्या गाडी बनवतात, आणि ती माझ्या शेव्हरलेपेक्षा वीस-तीस अंश आधी बसते. शेजारचा गणपती जसाच्या तसा, कारण तो दगडाच्या भुकटीत पॉलिएस्टर रेझिन घालून ओतलेला. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा तापून मऊ होत नाही. वहिनीला हे कारण मान्य नाही. बाप्पाला काय होतंय, असं ती म्हणते.

दिवाळीत जबलपूरला गेलो तेव्हा शेव्हरलेची ती सुटी काच बरोबर नेली होती. पुतण्याच्या लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं, काच पडद्यासमोर धरली आणि त्याला माझा पोलराइज्ड गॉगल घालायला दिला. त्याने गॉगल डोळ्यांवरच तिरपा केला, पडदा काळा झाला, आणि काचेत रंग उजळले. एका कोपऱ्यात, जिथून प्लॅस्टिक साच्यात शिरलं होतं तिथे, जांभळ्या-हिरव्या-पिवळ्या रेघा दाटीवाटीने; तिथून त्या पंख्यासारख्या पसरत दुसऱ्या टोकाला विरळ झालेल्या. जिथे रेघा दाट तिथे ओढ जास्त. नुसत्या डोळ्यांना ती काच पाण्यासारखी स्वच्छ दिसते. तो बराच वेळ काच फिरवत बसला. मग घरातली फूटपट्टी, कॅसेटची जुनी डबी, वहिनीचं मसाल्याच्या डब्याचं झाकण, जे पारदर्शक सापडेल ते पडद्यासमोर धरून पाहिलं. डबीने तर कमाल केली. दादाही गॉगल मागून घेऊन बघून गेला आणि “बाबांना हे दाखवायला हवं होतं,” म्हणाला.

जोंगा घरात ठेवावी हा सरळ उपाय पुतण्याला पटत नाही. जोंगा गाडीतच हवी. प्लॅस्टिक बदलून उष्णता सोसणारं एएसए वापरावं तर कॉलेजच्या उघड्या प्रिंटरवर ते छापतानाच कडा उचलतं. म्हणून त्याने दुसरी वाट काढली आहे. नवी जोंगा पीएलएचीच छापायची, पण नंतर ती बारीक मिठात पूर्ण पुरून शंभर अंशांच्या आसपास तापवायची आणि मिठातच हळूहळू निवू द्यायची. चहूबाजूंनी मीठ दाबून बसलेलं असल्यामुळे आकार फारसा हलत नाही, आतल्या साखळ्या मात्र नीट रचून बसतात आणि नंतर पीएलए पुष्कळ जास्त उष्णता सोसतं. थोडं आकसतं, ते आधीच मोजून मोठं छापायचं. वहिनीने मीठ देऊ केलं आहे, ओव्हन नाही. दादाचं म्हणणं, मीठ कशाला वाया घालवता, ग्वारीघाटावरून नर्मदेची वाळू आणा, ओतकामात तीच तर चालते. मी मिठाच्या बाजूचा आहे. वाळू जाळीच्या फटींत अडकून बसते. मीठ पाण्याने धुऊन जातं.