पाणवेलीचे मूळ

मित्रांनो, पाण्यावर पसरलेले हिरवे मैदान तुम्ही कधी पाहिले आहे का? दुरून ते फार सुंदर दिसते. त्यावर जांभळी फुले डोलत असतात. वाटते, धावत जावे आणि त्यावर खेळावे. पण जवळ गेलात तर त्या हिरवळीखाली पाण्याचा जीव गुदमरत असतो. ही वनस्पती म्हणजे जलपर्णी. आमच्याकडे तिला पाणवेली म्हणतात. तिचीच ही गोष्ट आहे.

आमचे गाव गोदावरीच्या काठी, नाशिक जिल्ह्यात आहे. आमच्या गावाच्या पुढे, निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वर हे ठिकाण लागते. तेथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. इंग्रजांच्या काळात तेथे बंधारा बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, चिखल आणि छोटी बेटे तयार झाली. अशा जागेला पाणथळ जागा म्हणतात. हिवाळ्यात थापट्या, चक्रवाक अशी बदके हजारो किलोमीटर उडून तेथे येतात. १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य झाले. पाणथळ जागा वाचवण्यासाठी १९७१ साली इराणमधील रामसर शहरात अनेक देशांनी एक करार केला होता. त्या कराराच्या यादीत २०२० साली नांदूर मध्यमेश्वरचे नाव आले. महाराष्ट्रातील ही पहिलीच जागा!

आता पाणवेलीकडे वळू. ही मूळची आपल्या देशातील नाही. ती दक्षिण अमेरिकेतील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिच्या फुलांच्या शोभेसाठी कोणी तरी तिला भारतात आणले. पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली! हवा आणि पाणी मानवले, की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तुम्हीच गणित करून पाहा. एका रोपाची दहा वेळा दुप्पट करा. हजाराहून अधिक रोपे होतील. तिच्या जाड थराखाली ऊन पोहोचत नाही. पाण्यातील प्राणवायू कमी होतो. मासे मरतात आणि डास वाढतात.

एका उन्हाळ्यात आमच्या घाटाजवळ पाणीच दिसेनासे झाले. मासेमारी करणारे एक म्हातारे काका रोज होडीजवळ येऊन बसत आणि तसेच परत जात. होडी हलेल तर ना! ते पाहून आम्ही दहाबारा मुलांनी ठरवले, दर रविवारी पाणवेली काढायची.

आम्ही दोर, विळे आणि दाताळी घेऊन गेलो. काकांनी आम्हांला गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ दिले नाही. मी उत्साहाने दिसेल ते ओढू लागलो. काका ओरडले, “अरे बाळा, थांब! ते कुमुदिनीचे पान आहे. ते इथलेच आहे. ज्याचा देठ फुगलेला, तेच काढ.” मी पाणवेलीचा देठ चिरून पाहिला. आत स्पंजासारखी जाळी होती आणि तिच्यात हवा भरलेली होती. म्हणून तर ती तरंगते. खाली काळ्या दाढीसारखी मुळे लोंबत होती. ओली पाणवेली फार जड असते. दुपारपर्यंत आमचे हात सोलून निघाले.

चार रविवारी आम्ही काठावर मोठा ढीग रचला. घाटाजवळचे पाणी मोकळे झाले. काकांची होडी सुटली. त्या दिवशी आमची छाती अभिमानाने फुगली.

पण जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. नदी फुगली आणि काठावरचा आमचा सगळा ढीग पुन्हा पाण्यात गेला! मला रडू आले. काका शांतपणे म्हणाले, “ढीग काठापासून दूर टाकायला हवा होता. ही चूक माझीही आहे. पण बाळा, तू तिला ओढून काढतोस, आणि तिला खाऊ कोण घालते, ते पाहिलेस का?”

मी त्यांच्या बोटाच्या दिशेने पाहिले. आमच्याच गल्लीची गटार नदीत उतरत होती. तिच्या तोंडाशी पाणवेली सर्वांत दाट होती. मोरीच्या आणि संडासाच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद असते. तेच तिचे अन्न! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे आमचे चालले होते.

मी घरी येऊन अम्मीला हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आपणच तिला वाढवतो आहोत.” पुढच्या आठवड्यात अब्बांनी अंगणात शोषखड्डा खणला. मोरीचे पाणी त्यात मुरू लागले. आम्ही मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. हळूहळू आणखी काही घरांनी शोषखड्डे केले. पाणवेली मात्र आम्ही आता दूर उंचावर नेऊन वाळवतो आणि तिचे खत करतो.

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. पाणवेली अजूनही येते. वरच्या शहरांचे आणि गावांचे सांडपाणी शुद्ध होऊन नदीत आले, तरच ती खरी हटेल. आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात नदीवर जातो. जेवढी आम्ही काढतो, तेवढी खाली पक्ष्यांच्या घराकडे वाहून जात नाही.

तुमच्या गावातही नदी, तळे किंवा खाडी असेल. तेथे काम करायला जाल तेव्हा मोठ्या माणसांना बरोबर घ्या. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घरासमोरची गटार कोठे जाते, ते तिच्या काठाकाठाने चालत जाऊन पाहा. पाणवेलीचे खरे मूळ तुम्हांला तेथेच सापडेल.