कमळपक्षी

श्रावण-भाद्रपदात सायंकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर फिरावयास जाण्याचा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. कमळाच्या पानांवरून चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी पाहण्यात अर्धा तास केव्हा निघून जातो, ते कळत नाही. त्याची बोटे व नखे इतकी लांब, की देहाचा भार पसरला जाऊन पान बुडत नाही. या दिवसांत त्याचा थाटही काही निराळाच असतो. गडद तपकिरी देह, शुभ्र पंख, मानेमागे सोनेरी झाक आणि बाकदार लांब शेपटी! विणीचा काळ संपला की ही शेपटी गळते आणि हे ऐश्वर्यही ओसरते.

तरंगत्या पाल्यावर चार अंडी उबवीत बसलेला हा पक्षी मातृप्रेमाचा दाखला म्हणून आम्ही वर्गात कितीदा तरी वर्णिला होता. पुढे पक्षिशास्त्राचे ग्रंथ चाळले तेव्हा वरमण्याची पाळी आली. अंडी उबविणारा तो नर असतो! या जातीत मादी आकाराने मोठी. अंडी घालून ती एका नराच्या स्वाधीन करावयाची आणि आपण दुसरा नर गाठावयाचा, अशी तिची रीत. एका हंगामात ती दहापर्यंत वेळा अंडी घालू शकते. इकडे नर सुमारे २६ दिवस उबवीत बसतो. घरट्याला धोका दिसला तर चोच व छाती यांच्यामध्ये धरून एकेक अंडे दुसरीकडे हलवितो. पिलांची राखणही तोच करतो.

मादीला निष्ठुर म्हणण्याचा मोह होतो खरा. परंतु तो न्याय नव्हे. पाण्यावरच्या उघड्या घरट्यातील पुष्कळ अंडी नाश पावतात. तिने पुन्हा पुन्हा अंडी घालावीत आणि त्याने ती सांभाळावीत, या वाटणीतच वंशाचा निभाव आहे.

हे वाचून आम्हांस आमचे वडील आठवले. आम्ही सात वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी दुसरा संसार मांडला नाही. पहाटे स्टोव्ह पेटवून ते पोळ्या करीत, धाकट्या बहिणीची वेणी घालीत आणि मग कचेरीस जात. आळीतल्या बायका पदराआड हसत. आमच्या सोबत्यांना ती वेणीफणी दिसू नये म्हणून आम्ही हळूच दार लोटून घेत असू. वडिलांच्या ते ध्यानी आले होते की नाही, हे त्यांच्या हयातीत विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

यंदा वर्गात आम्ही आमची चूक कबूल केली आणि नराची हकीगत सांगितली. मागच्या बाकावरील एक मुलगा फिस्सकन हसला. आम्ही त्याला रागे भरलो नाही. ते हसू आमच्या फार जुन्या ओळखीचे होते.