खुर्चीमागची खुर्ची

सातारा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत आलीस तेव्हा टीव्हीशी घटकाभर काहीतरी खटपट करून, "काका, तुम्ही मंत्रालयात जन्म काढलात, तुम्ही हे पाहिलंच पाहिजे," असे फर्मान सोडून तू निघून गेलीस, आणि ज्या गृहस्थाने चाळीस वर्षांपूर्वी नाटकाचा पडदा वर गेल्यावर जे काही पाहिले त्यापलीकडे अभिनय म्हणून काही पाहिले नाही, तो मी, गेले तीन आठवडे रात्री दहानंतर चष्मा पुसून कोरियन माणसांच्या तोंडाकडे आणि त्यांच्या पायाशी धावणाऱ्या इंग्रजी अक्षरांकडे आळीपाळीने पाहत बसलो आहे. तुझ्या काकूचे म्हणणे असे की पेन्शनीत निघालेल्या माणसाला दप्तराची हुक्की येऊ नये म्हणून देवाने भजन निर्माण केले. मी ते ऐकून घेतो आणि पुढचा भाग लावतो.

मालिकेचे नाव कोरियन भाषेत 'बोज्वाग्वान', परमुलखात 'चीफ ऑफ स्टाफ'. २०१९ च्या जून-जुलैत दहा भाग आणि त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात आणखी दहा भाग, असे तिचे प्रक्षेपण जेटीबीसी वाहिनीवर झाले. 'स्क्विड गेम'मुळे पुढे जगाला ठाऊक झालेला ली जंग-जे हा नट तिच्यात नायक आहे. तो रंगवतो तो जांग ते-जुन हा मंत्री नव्हे, आमदार-खासदार नव्हे. सोंग ही-सप नावाच्या एका मुरब्बी पक्षनेत्याचा तो स्वीय सहायक आहे, आणि 'बोज्वाग्वान' म्हणजे हाच हुद्दा. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय सभेत ३०० सभासद, आणि प्रत्येकाच्या दिमतीला चौथ्या श्रेणीपासून नवव्या श्रेणीपर्यंतचे आठ सेवक व एक उमेदवार, म्हणजे शिकाऊ. या मंडळींची नेमणूक सभासदाच्या मर्जीने होते आणि मर्जी फिरली की जाते. नायक त्यांच्यातला अग्रणी. त्याला पाहिजे ते एकच, सभासदाच्या कोटावर असते ते छोटेसे बिल्ल्याचे फूल, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले, वजनाला काही ग्रॅम.

आपल्याकडे या माणसाला शब्द आहे, मृण्मयी, आणि तो तुझ्या पिढीने आडनावापुरता शिल्लक ठेवला आहे: मुतालिक. धन्याच्या नावाने, धन्याच्या मुद्रेने, परंतु स्वतःच्या अकलेने कारभार करणारा. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका तुला ठाऊक असेल: शिवाजी महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले असता त्यांनी कोरा कागद हाती धरून ते जसेच्या तसे वाचून दाखवले आणि मशालजीला हसू आवरेना. ही गोष्ट आम्ही चिटणिसाच्या चातुर्याची म्हणून ऐकत आलो. मालिका पाहताना मला पहिल्यांदा वाटले की कागद कोरा आहे हे ज्याला दिसते, तो मशालजीच या कथेतले खरे पात्र आहे.

सर्वांत गुंतलो मी कुठे, तर पहिल्या काही भागांत दिसणाऱ्या 'राज्यकारभार तपासणी'त. दर शरदात कोरियन संसद शासनाच्या सगळ्या खात्यांची वीस-तीस दिवस झडती घेते. १९७२ च्या राज्यघटनेने ही तपासणी बंद पाडली होती, ती लोकशाही परतल्यावर १९८८ पासून पुन्हा सुरू झाली. ज्यांना लोकशाहीचे वर्णन पाठ्यपुस्तकातून पाहिजे त्यांनी सभागृहाकडे पाहावे. मी मात्र सभागृहाबाहेरच्या बोळाकडे पाहिले. तिथे खात्याखात्यांचे अधिकारी जमिनीवर मांडी घालून, मांडीवर संगणक घेऊन बसलेले, आतून चिठ्ठी आली की उत्तर पुरवायचे म्हणून ताटकळत, कोणाचा डबा उघडा, कोणाचा डोळा लागलेला. माझ्या पोटात ओळखीची कळ उठली. मृण्मयी, हे नागपूर! विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात, सिव्हिल लाइन्समधल्या कर्मचाऱ्यांच्या त्या १६० गाळ्यांत दोघादोघांनी एक घोंगडे पांघरून आम्ही तारांकित प्रश्नांची उत्तरे रात्री दोनपर्यंत लिहीत असू आणि प्रश्नकर्त्या आमदारांचा प्रश्न ज्या कारकुनाने लिहून दिलेला असे तो, पहाटे तर्री-पोह्यांच्या गाडीवर, आमच्याच बाकड्यावर बसून आमच्याच ताटलीत चमचा घालीत असे. प्रश्न त्याचा, उत्तर आमचे. दुपारी दोन थोर माणसे ते एकमेकांना रागारागाने वाचून दाखवीत. कोरियन मालिकेतही असेच घडते, फक्त तिथे पोह्यांऐवजी कागदी पेल्यात कॉफी असते.

माझ्या मसुद्याची एक हकिगत तुझ्या वडिलांनाही ठाऊक नाही. एका योजनेबाबत विरोधकांनी घेरले असता मी एका मंत्रिमहोदयांसाठी (नाव सांगत नाही) अत्यंत सावध वाक्य लिहिले होते: 'सदर योजनेत अपहार झालेला नाही, असे या टप्प्यावर निश्चितपणे म्हणता येणार नाही.' महोदयांनी 'अपहार झालेला नाही' येथे थांबून पाण्याचा पेला उचलला, त्या क्षणी सत्ताधाऱ्यांनी बाके वाजवली, आणि पेला खाली ठेवून त्यांनी वाक्य पूर्ण करताच समोरच्या बाकांवरून जे हास्य फुटले ते मी अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या गॅलरीत, मान खाली घालून ऐकले. सायंकाळी वाक्य कोणी लिहिले याची चौकशी झाली. पाण्याचा पेला तिथे कोणी ठेवला याची झाली नाही. तेव्हापासून स्वल्पविराम काढताना माझा हात थबकतो.

असो. जांग ते-जुन हा मूळचा पोलीस प्रबोधिनीतला अव्वल विद्यार्थी. त्याच्या हाती वाक्येच नव्हेत तर माणसेही होती. सोंग ही-सपला न्यायखात्याचे मंत्रिपद हवे असते, ते मिळवण्याच्या खटपटीत जांगचा एक जुना धनी, ली संग-मिन नावाचा सरळमार्गी सभासद, निवडणूक निधीच्या बालंटाखाली सापडतो आणि आपल्या हाताने आपला शेवट करून घेतो. कोरियन प्रेक्षकांना या पात्रात २०१८ साली याच मार्गाने गेलेल्या रो ह्वे-चान या नामवंत सभासदाची छाया दिसली असल्यास नवल नाही. त्याच मृत माणसाच्या रिक्त जागेवर जांग ते-जुनला उमेदवारी मिळते, आणि ती मिळावी म्हणून तो सोंगच्या पुढ्यात गुडघे टेकतो. ते दृश्य मी दोनदा पाहिले. नट चेहऱ्याने काहीच करीत नाही. हात मात्र मांडीवर सरळ ठेवलेले, बोटे एकमेकांपासून जरा विलग, जणू मसुदा लिहून आता स्वाक्षरीस पाठवला आहे. उत्कृष्ट.

दुसरे दहा भाग मला त्या मानाने फिके वाटले. नायकाच्या कोटावर बिल्ला चढतो आणि खुर्चीमागच्या खुर्चीवरून जी दुनिया दिसत होती ती दिसेनाशी होते. राहतो तो एक सूड, आणि सूडकथेला संसदेची गरज नसते. कांग सन-यंग या पहिल्याच कारकिर्दीतील महिला सभासदेची कैफियत मात्र शिन मिन-आने मानीपणाने मांडली आहे. पक्षाच्या यादीतून निवडून आलेल्या स्त्रीला पक्ष प्रवक्तेपद देतो ते तिचा आवाज हवा म्हणून की चेहरा, हा प्रश्न ती कोणत्याही भाषणाविना विचारते. तिच्यावरच स्वतंत्र मालिका झाली असती तर मी काकूलाही बसवले असते.

राष्ट्रीय सभेची ती घुमटाची इमारत, योउइदो बेटावरची, १९७५ ची. चोवीस खांब, वर्षाच्या चोवीस सौरपर्वांचे प्रतीक म्हणतात. आणि पुढ्यात हैते नावाचे दोन दगडी रक्षक-पशू, ज्यांच्या पायाखाली २०७५ मध्ये काढायची म्हणून मद्याच्या बाटल्या पुरल्याची कथा आहे. राज्यसंस्थेच्या पायाशी इतकी निवांत वस्तू मी अन्यत्र ऐकलेली नाही.

तू मालिका पाहायला सांगितलीस तेव्हा २०२४ चा ३ डिसेंबर तुझ्या मनात होता की नाही, कोण जाणे. त्या रात्री तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला, सभासद भिंतीवरून चढून आत गेले, सैनिकांनी काचा फोडल्या, आणि पहाटे एकच्या सुमारास हजर असलेल्या १९० सभासदांनी १९० विरुद्ध शून्य अशा मतांनी तो हुकूम रद्द करण्याची मागणी केली. ही मते नोंदली गेली, नावांसकट. परंतु ही मते पडावीत म्हणून ज्यांनी आतल्या बोळात मेजे-खुर्च्या रचल्या आणि अग्निशामक नळकांड्यांचा पांढरा धूर सैनिकांच्या तोंडावर सोडला, त्यांत बोज्वाग्वान आणि पक्षकार्यालयातले सेवक होते. मी ती चित्रे पाहिली तेव्हा एका खुर्चीकडे माझे लक्ष गेले. पायांना चाके असलेली, कार्यालयातली नेहमीची, उलटी टाकलेली. ती कोणाची, याचा छडा लावण्याची माझी फार इच्छा आहे, पण त्याची नोंद कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

पुढची कोणती मालिका, ते कळव. शक्य तर अक्षरे मोठी करण्याची युक्तीही लिहून पाठव, काकूला भिंग सापडत नाही आणि ते कुठे आहे ते मला माहीत आहे. तुझ्या वडिलांना सांग की यंदाचा हयातीचा दाखला मी बँकेत वेळेवर देऊन आलो. तिथल्या मुलीने कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "आजोबा, इथे सही." मी वरचा मजकूर वाचू लागलो, तर म्हणाली, "वाचायची गरज नाही, तुमचंच नाव आहे."

तुझा,
काका