वाटूरच्या शिवारांतील विटीदांडू

जालन्याहून मंठ्याकडे निघालेल्या प्रवाशास वाटूर भेटतें तें एका फाट्याच्या रूपानें. येथूनच परतूरचा रस्ता फुटतो. चोहोंकडे काळी जमीन आणि तींत ज्वारी, तूर व कापूस. १९८१ सालीं जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुक्याचा हा मुलूख परभणी जिल्ह्यांत मोडत असे. येथें पाहण्याजोगें तें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. आम्हीं पाहिलें तें इतकेंच, कीं सुगी उरकून मोकळ्या पडलेल्या शेतांत कांहीं मुलें विटीदांडू खेळत होतीं.

त्यांतील सर्वांत दांडगा मुलगा अंगांतील सगळा जोर लावी आणि त्याची विटी गरगरत जवळच पडे. एक किरकोळ बांध्याचा पोर मात्र हलक्या हातानें तीच विटी बांधापलीकडे धाडी. कारण उघड आहे. उडालेल्या विटीच्या मध्यावर टोला बसला, तर जोर पुढें जाण्यांत खर्चीं पडतो. टोंकावर बसला, तर कोलांट्यांत वायां जातो.

कलकत्त्यास १८२९ सालीं ज्याचा क्लब निघाला, त्या गोल्फच्या खेळांतही कोडें हेंच आहे. लांब पल्ल्याच्या टोल्यासाठीं असलेल्या दांड्यास ड्रायव्हर म्हणतात. त्याचें तोंड सुमारें १० अंशांनीं मागें कललेलें असतें. चेंडू कोणत्या कोनांत उडावा, हें मुख्यतः आघाताच्या क्षणींच्या या कलावर ठरतें. आणि त्यास उलटी फिरकी किती मिळावी, हें तोंडाची दिशा व दांड्याच्या येण्याची वाट यांतील फरकावर. दांडा कुऱ्हाडीसारखा वरून खालीं आला, तर हा फरक वाढतो, फिरकी फार होते आणि चेंडू उंच चढून मध्येंच दम टाकतो. तोच किंचित वर जातांना चेंडूस भेटला, तर उड्डाण चांगलें साधतें व फिरकी बेताची राहते.

फिरकी मुळींच नको, असें मात्र नाहीं. उलट्या फिरकीमुळें हवा चेंडूस उचलून धरते, हें स्कॉटलंडचे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनीं १८९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. चेंडूस लांब फीत बांधून तिला पडलेले पीळ ते मोजीत. आज कसलेल्या व्यावसायिक खेळाडूचा चेंडू सुमारें ११ अंशांत उडतो आणि मिनिटास २,५०० हून अधिक वेळां फिरतो. विटीच्या कोलांट्यांस हवेचा असा आधार मिळत नाहीं. म्हणून दूर जावयाचें, तर तिनें चेंडूहून पुष्कळ उंच उडालें पाहिजे.

ही गोष्ट केवळ पल्ल्याची नव्हे. खालून सरळ सुटलेली विटी समोरच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीनें जाते, आणि तिचीं दोन्ही टोंकें अणकुचीदार असतात. या भीतीनें पुष्कळ घरांतून हा खेळ मुलांस बंद असतो. आईबापांची काळजी खोटी नाहीं. परंतु विटी उंच उडवून मध्यावर टोला द्यावा, झेल घेणारांनीं दूर उभें राहावें, समोर कोणी जवळ असेल तर दांडू उचलूंच नये, इतकें मुलांस हातीं धरून शिकविलें, तर पल्ला वाढतो आणि धोकाही पुष्कळ कमी होतो. खेळ बंद करण्यास एक शब्द पुरतो. शिकविण्यास एक संध्याकाळ लागते. आमच्या मतें ती संध्याकाळ प्रत्येक घरानें काढावी.