मनमाडला चेंज

चेंजची गाठ मनमाडला पडणार हे नाशिक सोडतानाच ठरलेलं असतं. समोरच्या बाकावरच्या काकू पिशव्या मोजत विचारतात, ‘शिर्डीला जायचं म्हणजे मनमाडला चेंज ना हो?’ कुणी ‘गाडी बदलायची ना?’ असं विचारत नाही. बदलणं ही कटकट झाली. चेंज म्हटलं की त्याच कटकटीला इस्त्री केल्यासारखी वाटते.

इस्त्रीचे कपडे हा या चेंज नावाच्या गृहस्थाचा जीव की प्राण. जन्मजात साहेब असल्याचा त्याचा आव असतो, पण मूळ खणायला गेलं तर स्वारी लॅटिनमधून निघून फ्रेंच जंक्शनवर गाडी बदलून इंग्लंडात उतरलेली. त्याच्या शेजारी उभा असतो बदल. तोही काही इथला नाही, अरबीतून फारसीमार्गे आलेला. पण त्याने कोट कधीच काढून ठेवला, धोतर नेसलं, आणि आज तो बदलतो, बदलला, बदलेल, बदलू या असा सगळ्या घरभर वावरतो. चेंजचं तसं नाही. तो जागचा हलत नाही. ‘गाडी चेंजली’ असं म्हणून पाहा, फलाटावरचा हमालसुद्धा हसेल. काम निघालं की कुणा तरी ‘करणे’ला नाहीतर ‘होणे’ला बोलवायचं, ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायचं आणि आपण हात हलवत पुढे चालायचं, ही त्याची रीत.

मनमाडच्या हमालांना ही रीत चांगली ठाऊक. मुंबईकडून येणारे रूळ 1676 मिलिमीटर रुंद आणि निजामाच्या राज्यातून एके काळी येणारे जेमतेम एक मीटर. दोन्ही इथे शेजारी येऊन थांबत, पण एकाची गाडी दुसऱ्यावर जाणं शक्य नव्हतं. मग औरंगाबाद, नांदेड, काचीगुड्याकडे निघालेल्या माणसाने ट्रंक, वळकटी, पोरं आणि पाण्याची सुरई घेऊन छोट्या गाडीकडे धावायचं. तिकडून आलेली पोती एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले पंजाबी यात्रेकरूही इथेच उतरत, आणि मनमाडचा गुरुद्वारा त्यांच्या विसाव्याचा. त्या काळी चेंज म्हणजे अंगमेहनत होती. नाव याचं, घाम दुसऱ्याचा.

मराठवाड्याने या प्रकारापायी बरंच सोसलं. गोविंदभाई श्रॉफांसारख्या नेत्यांनी ब्रॉडगेजसाठी आंदोलनं केली, आणि नव्वदच्या दशकात एकदाची मीटरगेज उखडली गेली. मनमाडच्या फलाटावरची एवढी मोठी उलथापालथ, तर चेंजने फेटा बांधून मिरवायला हवं होतं. पण मराठीने त्या कामाला नाव दिलं ‘रुंदीकरण’. याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

असा तो दर वेळी महत्त्वाच्या पंगतीतून उठवला जातो. मनमाडच्या पुढे दौंडच्या वाटेवर येवला आहे. 13 ऑक्टोबर 1935 ला तिथे डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्याला आपण धर्मांतराची घोषणा म्हणतो. फेब्रुवारी 1938 मध्ये खुद्द मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. गँगमन म्हणून लागायचं आणि बढतीविना गँगमनच राहायचं, अशा नशिबाच्या माणसांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. तिथे मागणी होती ती परिवर्तनाची. धर्मांतर, नामांतर, स्थलांतर, परिवर्तन ही माणसं आत बसून बोलत असतात तेव्हा चेंज बाहेर चपलांपाशी उभा असतो. मला हे त्याच्या बाबतीत फार आवडतं. आपल्या खांद्याला काय पेलवतं हे त्याला नसेल कळत, मराठी बोलणाऱ्याला बरोबर कळतं. रेल्वेच्या कॉलनीतसुद्धा साहेबाची बदली होते, मंत्र्यांचा खांदेपालट होतो आणि डॉक्टर हवापालट सांगतात. चेंज होतो तो फक्त बल्ब.

आणि कपडे. लग्नघरात तर त्याचा थाट बघावा. ‘नवरी कुठंय?’ म्हणून भटजी ओरडतात, तेव्हा आतून उत्तर येतं, ‘चेंज करतेय!’ काय चेंज करतेय हे सांगायची गरज कुणाला वाटत नाही. साडी तो गिळून बसलेला असतो. पुढच्या क्षणी वरमाय येऊन सांगते, ‘आम्हीपण नवरा चेंज करून आणतो,’ आणि तिला म्हणायचं असतं की नवरा सूट घालून येतोय. मांडवातल्या चारचौघी तोंडाला पदर लावतात.

पैशाच्या बाबतीत मात्र तो पक्का बेभरवशाचा. चहावाल्याला शंभराची नोट दिली की तो म्हणतो, ‘चेंज द्या ना साहेब.’ इथे हा एकाएकी ‘करणे’-‘होणे’ला विसरून खिशात खुळखुळायला लागतो. मराठीत नोट मोडतात, मोड मिळते, सुट्टे होतात, चिल्लर साठते, आणि गाडीने शिटी दिली की सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातात पडतं. आता चहाच्या किटलीलाच क्यूआर कोड चिकटलाय, तेव्हापासून या खात्यातून त्याची सक्तीची निवृत्ती झाल्यात जमा आहे.

त्याच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र उशिरा ध्यानात येते. तो कुणाला दुखवत नाही. ‘तू बदललास’ हे वाक्य रडत म्हणतात. त्यामागे दोन-तीन वर्षांचा अबोला असतो. ‘अरे, किती चेंज झालास!’ हे शाळेच्या गेट-टुगेदरला पोटाकडे बघून म्हणतात आणि वर पाठीत गुद्दा घालतात. घरी रोजची पोळीभाजी कंटाळवाणी झाली हे स्वयंपाक करणारीला सांगायची कुणाची छाती नसते. ‘आज चेंज म्हणून मिसळ आणू का?’ एवढं चालतं. भांडण न होता मिसळ घरात येते. ‘बदल’ला हे जमलं नसतं.

एवढं सगळं ज्या गावच्या नावाने चालतं, त्या मनमाडकराला स्वतःला त्याची फारशी गरज पडत नाही. बाकीच्यांनी इथे उतरून धावावं, त्याची मुंबईची पंचवटी एक्स्प्रेस 1975 पासून इथूनच सुटते. पहाटे येऊन तो ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या सीटवर, ठरलेल्या मित्रांशेजारी बसतो. पंचवटीच्या पासवाल्यांसमोर चेंजची साहेबी चालत नाही. एखादा नवखा, बायकोला इगतपुरी ते कसारा घाट दाखवावा म्हणून, खिडकीतल्या काकांना अदबीने विचारतो, ‘काका, जरा सीट चेंज करता का?’

काका वर्तमानपत्र खाली न करता म्हणतात, ‘करू ना. कसारा जाऊ दे.’